फुल की सेमी?

या सदरात आम्ही मुलांचा अभ्यास, घरखर्च, परीक्षेच्या दिवसांतले जेवण असे घरगुती विषय मांडत आलो. मोटारीच्या ऑइलवर लिहायची वेळ येईल असे कधी वाटले नव्हते. पण आज आपल्या कितीतरी घरांत मोटार आहे, ती चालवणारी घरातली बाई आहे, आणि गाडीची समज असलेला पुरुष मात्र दुबई-कुवेतला आहे. गॅरेजवाला विचारतो, “फुल सिंथेटिक टाकू की सेमी?” आणि आपण पर्समध्ये फोन शोधू लागतो. आमचेही तसेच झाले. त्याचीच ही हकिकत.

गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. वायपरचे पाणी भरायला आम्ही बोनेट उघडले. सासरे, म्हणजे आमचे अब्बाजी, ओटीवर बसले होते. तिथूनच म्हणाले, “उघडलंस ना, तर ऑइलचं झाकणही काढून बघ.” झाकण काढले आणि छातीत धस्स झाले. आतल्या बाजूला पांढुरकी, पिवळट मलई जमली होती.

चिपळूणच्या माणसाला असे काही दिसले की एकच गोष्ट आठवते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पाण्यात बुडालेल्या इंजिनांतून दूध घातलेल्या चहासारखे ऑइल निघत होते. पाणी आणि ऑइल एकत्र घुसळले की हा रंग येतो. आमची गाडी तर पुरात सापडली नव्हती. मग हे पाणी आले कुठून?

काळजीचे कारण वेगळेच होते. अब्बाजींचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते, सोमवारी आणि गुरुवारी. सकाळी त्यांना सेंटरवर सोडायचे, तिथून शाळा गाठायची, मधल्या सुट्टीत त्यांना घ्यायला जायचे, घरी पोहोचवून पुन्हा वर्गात. या दोन दिवशी गाडीने दगा दिला तर आमचा सगळा हिशेब कोलमडतो. रिक्षा मिळते, नाही असे नाही. पण चार तास मशीनवर काढलेला माणूस खड्ड्यांतून रिक्षाने घरी येईस्तोवर अर्धा होऊन जातो.

रात्री मुलांच्या अब्बांना कुवेतला फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ऑइल कधी बदललं होतंस?” आम्ही बिलांची पिशवी उलटी केली. एकोणीस महिने झाले होते. आम्ही आपली बाजू मांडली, “पण दहा हजार किलोमीटर कुठं झालेत? सातच हजार झालेत.” ते म्हणाले, “उद्याच बदल. आणि फुल सिंथेटिकच टाक. इथं कुणी दुसरं टाकतच नाही.”

दुसऱ्या दिवशी मेस्त्री म्हणाले, “टीचर, तुमच्या गाडीला सेमी बास आहे. उगाच पैसे कशाला घालवता?” संध्याकाळी अकरावीतल्या चिरंजीवांनी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ दाखवला आणि निकाल देऊन टाकला, “अम्मी, सेमी म्हणजे भेसळ.”

आम्ही शिक्षक. एकाच प्रश्नाला तीन मुलांनी तीन उत्तरे दिली, तर आधी प्रश्न पुन्हा वाचायला सांगतो. म्हणून गाडीच्या कप्प्यात कव्हरसकट पडून असलेले मालकाचे पुस्तक आम्ही अकरा वर्षांत पहिल्यांदा उघडले.

ऑइल म्हणजे काय, ते आधी

इंजिनात लोखंडावर लोखंड मिनिटाला हजारो वेळा फिरते. दोहोंमध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो, तो आहे म्हणून इंजिन जिवंत. ऑइल झीज थांबवते, उष्णता वाहून नेते आणि आतली काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवते. म्हणून ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, हा समज बरोबर नाही. काळे होणे हे त्याचे कामच आहे. डब्यातला सगळा माल नुसते तेलही नसतो. त्यात धुणारी, झीज रोखणारी, गंज टाळणारी रसायने मिसळलेली असतात, आणि ती वापराने संपत जातात.

आता फुल आणि सेमी. साधे, म्हणजे मिनरल ऑइल, जमिनीतून निघालेले कच्चे तेल शुद्ध करून होते. गिरणीतून आलेल्या तांदळात अख्खा दाणा असतो, कणी असते, थोडा कोंडाही असतो, तसे त्यात लहानमोठे, सर्व प्रकारचे रेणू असतात. सिंथेटिकमध्ये हे दाणे जवळजवळ एकसारखे केलेले असतात. त्यामुळे ते थंडीत लवकर घट्ट होत नाही, उष्णतेत लवकर पातळ होत नाही आणि जळून चिकटा धरायला वेळ लावते. हा फरक खरा आहे, नुसती जाहिरात नाही.

पण ‘सिंथेटिक’ या शब्दाची मोजपट्टी सगळीकडे एक नाही. अमेरिकेतल्या एपीआय या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिले दोन साध्या तेलांचे. तिसऱ्या गटातले तेल कच्च्या तेलापासूनच होते, पण मोठ्या दाबाखाली हायड्रोजन सोडून त्याचे रेणू मोडून नव्याने बसवलेले असतात. चौथा गट कारखान्यात रसायनांपासून बांधलेल्या तेलाचा, आणि पाचव्यात उरलेली सगळी. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला आणि १९९९ मध्ये जाहिरातींची तक्रार पाहणाऱ्या मंडळाने म्हणू द्यावे असा कौल दिला. तेव्हापासून जगभर ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेल्या कितीतरी डब्यांत या तिसऱ्या गटाचेच तेल असते. जर्मनीत मात्र हा शब्द इतक्या सैलपणे वापरता येत नाही.

आणि सेमी? साध्या तेलात सिंथेटिक मिसळले की सेमी. किती मिसळले, ते डब्यावर लिहिलेले नसते. दोन कंपन्यांच्या सेमीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तरीही ती भेसळ नव्हे. भेसळ लपवून करतात, हे सांगून केलेले मिश्रण आहे. चिरंजीवांना एवढे समजावून झाले.

पुस्तकातला आकडा

गंमत अशी, की आमच्या गाडीच्या पुस्तकात फुल किंवा सेमी हा शब्दच नव्हता. तिथे होते ५डब्ल्यू-३० आणि एपीआयची दोन अक्षरे.

यातला डब्ल्यू हा विंटरचा. आधीचा आकडा थंडीतला: तो जितका लहान, तितके गारठ्यात ऑइल लवकर वाहते. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात आणि १०डब्ल्यूची उणे २५ वर. आमच्या खाडीकाठी पौषातल्या पहाटेही एवढा गारठा कुठला! नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ३० पेक्षा ४० दाट. दाट म्हणजे जास्त चांगले असे मुळीच नाही. इंजिनाच्या आतल्या फटी ज्या दाटपणासाठी बनवल्या, तोच लागतो.

अक्षरांचेही तसेच. पेट्रोल गाड्यांसाठी पहिले अक्षर एस, डिझेलसाठी सी. दुसरे अक्षर पुढचे, तितके ऑइल नव्या दर्जाचे. एसएन २०१० मध्ये आले, एसपी २०२० मध्ये. पेट्रोल गाडीच्या पुस्तकात जुने अक्षर असेल आणि दुकानात पुढचे मिळाले तर खुशाल घ्यावे. मागचे घेऊ नये.

हा आकडा आणि ही अक्षरे जुळली, तर फुल की सेमी हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातो. ती जुळली नाहीत, तर सर्वांत महागडे फुल सिंथेटिकही चुकीचेच. अलीकडच्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० लागते. एवढे पातळ आणि तरी टिकाऊ ऑइल बहुधा सिंथेटिकच असते, तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. तिला कमी राख सोडणारे खास ऑइल लागते. दुसरे घातले तर गाळणी हळूहळू तुंबते, आणि तिचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट असतो.

मग कुवेतला फुल का?

मुलांच्या अब्बांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर होते. कुवेतमधल्या मित्रीबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने पडताळून मान्य केलेल्या, जगातल्या सर्वांत उष्ण नोंदींपैकी ती एक. अशा उन्हात ते रोज साठ किलोमीटर जातात आणि साठ येतात, तेही भरधाव आणि एसी लावून. तिथे ऑइल तासन् तास तापलेलेच असते. तापूनही न विटणे हाच सिंथेटिकचा मोठा गुण, आणि तिथे तो पैसे वसूल करून देतो.

आमची गाडी काय करते? घर ते शाळा चार किलोमीटर, घर ते डायलिसिस सेंटर पाच, अधूनमधून बाजार. वर्षाला जेमतेम साडेचार हजार किलोमीटर. दहा-बारा मिनिटांत प्रवास संपतो. इंजिनातले पाणी तोवर गरम होते, पण ऑइल त्याच्या मागून तापते. ते नीट तापायच्या आत आम्ही चावी काढून घेतो.

झाकणाखालच्या मलईचे उत्तर इथेच होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जाते, थोडे पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी अर्धा-पाऊण तास चालली तर ऑइल तापून ते उडून जाते. रोज दहाच मिनिटे चालली तर साचत राहते. पाण्यासोबत थोडे न जळलेले पेट्रोलही उतरते आणि ऑइल पातळ करते. वर आमच्याकडचा पावसाळा.

मेस्त्रींनी गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून दाखवली. तिच्यावरचे ऑइल तपकिरी-काळेच होते, दुधाळ नव्हते. रेडिएटरचे पाणीही कमी झालेले नव्हते. म्हणाले, “टीचर, घाबरू नका. नुसत्या झाकणाला मलई असली तर ती वाफ. गेजवरही दूध दिसलं, नाहीतर रेडिएटरचं पाणी घटत असलं, तर मात्र गाडी चालू करायची नाही. टोचन करून आणायची.” हे वाक्य प्रत्येक गाडीवाल्या घरात लिहून ठेवण्यासारखे आहे.

आमची चूक आम्हाला कळली. पुस्तकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी येईल ते’ असे होते. आम्ही पहिला अर्धा भाग पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. मुलांनी असे केले की आम्ही गुण कापतो. त्याच पानाखाली आणखी एक तक्ता होता: सतत छोटे प्रवास, धूळ, फार ट्रॅफिक असेल तर याहून लवकर बदलावे. गाडी कमी चालते म्हणून ऑइल जास्त टिकेल असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात कमी चालण्यानेच ते लवकर बिघडत होते.

भाच्याची गाडी

फुलच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती आमच्या घरातलीच आहे. नणंदेचा मुलगा डिझेलची सात सीटर चालवतो. आपल्या खाडीपट्ट्यातली आखाताला जाणारी माणसे मुंबई विमानतळावर सोडणे, येणारी आणणे, हा त्याचा धंदा. महिन्याला चार हजार किलोमीटर सहज होतात. त्याने भारीतले फुल सिंथेटिक टाकले होते. ते योग्यच होते, कारण त्याच्या गाडीला टर्बो आहे. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि त्याची दांडी ऑइलच्याच आधारावर फिरते. तिथे हलके ऑइल जळून कोळसा होते.

चूक पुढे झाली. कुणीतरी त्याला सांगितले, “फुल आहे ना? वीस हजारांपर्यंत बघायचंच नाही.” त्याने खरेच पाहिले नाही. बोनेटही उघडले नाही. पुस्तकात दहा हजार लिहिले होते. अठरा हजारांवर, एका रात्री, महाडच्या पुढे लाल दिवा लागला. मागे तीन प्रवासी होते आणि पहाटेचे विमान. त्याला वाटले सेन्सर खराब असेल. सहा किलोमीटर पुढे जाऊन इंजिन जाम झाले.

त्या तिघांपैकी एकाच्या व्हिसाचा तो शेवटचा दिवस होता. दुसरी गाडी मिळेपर्यंत विमान गेले. त्या माणसाचे पुढे काय झाले हे भाचा अजून कुणाला धड सांगत नाही. विषय निघाला की उठून जातो. इंजिन खोलले तेव्हा आत दीड लिटरही ऑइल उरले नव्हते. बेअरिंग वितळून दांडीला चिकटली होती. कामाचे एक लाख पस्तीस हजार झाले, दीड महिना गाडी उभी राहिली आणि बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

ऑइल गळत नव्हते. इंजिन ते थोडे थोडे पीत होते, जुनी इंजिने पितातच. फुल सिंथेटिक असले तरी ते जितके उरले आहे तितकेच काम करणार. आणि तो लाल दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, ऑइलचा दाब गेल्याचा असतो. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. लगेच, रस्त्याच्या कडेला, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचे. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा जायचे नाही.

अब्बाजींचा शेरा

ही सगळी चर्चा घरात आठवडाभर चालली. अब्बाजी ऐकत होते. त्यांची उमेदीची अठ्ठावीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, ऑइलमन म्हणून. चार तासांची पाळी, आणि प्रत्येक पाळीत ठरलेल्या जागी जाऊन ऑइलची पातळी बघायची, बेअरिंगला हात लावून ती किती तापली ते अजमावायचे, वहीत लिहायचे. एक दिवस ते डायलिसिसहून परतताना मागच्या सीटवरून म्हणाले, “आमच्या वहीत ऑइलचं नाव लिहायला रकानाच नव्हता. किती आहे आणि कसं आहे, एवढंच लिहायचं.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “गरजेपेक्षा भारी घेतलंस तर इस्राफ. पण घेऊन बघितलंच नाहीस, तर सगळाच इस्राफ.”

आमचा हिशेब

शेवटी आम्ही वही घेऊन बसलो. त्या दिवशीचे आमच्या दुकानातले भाव असे होते: सेमीचा साडेतीन लिटरचा डबा १,४५० रुपये, फुलचा २,६५० रुपये, दोन्ही ५डब्ल्यू-३०, दोन्हींवर अक्षरे पुस्तकातल्याहून पुढची. फिल्टर १२० आणि मजुरी २००. म्हणजे सेमीची एक बदली १,७७० ला, फुलची २,९७० ला.

आमचा प्रश्न पाणी आणि पेट्रोल साचण्याचा होता. साचलेला कचरा फुल सिंथेटिकही बाहेर टाकत नाही. तो काढण्याचा एकच मार्ग, ऑइल काढून टाकणे. तेव्हा वर्षातून एकदा फुल की दोनदा सेमी, असा खरा प्रश्न झाला. दोनदा सेमीचे ३,५४० होतात. म्हणजे स्वस्तातले ऑइल आम्हाला वर्षाला ५७० रुपयांनी महाग पडते. तरी आम्ही तेच घेतले: एक बदली मे महिन्यात पावसाच्या आधी, दुसरी दिवाळीच्या सुट्टीत.

मुलांच्या अब्बांना हिशेब कळवला. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, “म्हणजे मेस्त्री बरोबर आणि मीही बरोबर?” आम्ही म्हटले, “तुम्ही कुवेतला बरोबर.”

भाच्याच्या गाडीला अर्थातच फुल, तेही डिझेल टर्बोसाठी पुस्तकात सांगितलेल्याच दर्जाचे. पण बदली दहा हजारांवर, आणि दर रविवारी सकाळी गेज. एकाच घरात दोन गाड्या, दोन ऑइल, आणि दोन्ही निवडी योग्य.

आपल्या गाडीसाठी काय घ्यावे, याचा आमच्या अनुभवातून निघालेला अंदाज असा. टर्बो असेल, लांबचा रोजचा प्रवास असेल, घाटात भरलेली गाडी चढवायची असेल किंवा पुस्तकातच तसे लिहिले असेल, तर फुल घ्या, काटकसर करू नका. साधे, बिनटर्बोचे पेट्रोल इंजिन, शहरातल्या शहरात थोडे फिरणे असेल, तर सेमी पुरते, पण तारीख चुकवू नका. एकदा फुल टाकले की पुन्हा सेमीवर येता येत नाही, ही भीती निराधार आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि बदलताना इंजिन धुवायचीही गरज नसते.

दुकानात आणि गॅरेजमध्ये

पाच गोष्टी आम्ही आता न चुकता करतो.

पहिली, डब्याचे सील आमच्यासमोर तोडायला सांगतो आणि पक्के बिल घेतो. रिकामे डबे गोळा करून त्यांत जळके ऑइल गाळून भरण्याचा धंदा चालतो. नकली फुलपेक्षा अस्सल सेमी शंभर पटीने चांगले. काम झाले की रिकाम्या डब्याला तिथेच भोक पाडून घेतो.

दुसरी, ऑइलबरोबर फिल्टर बदलतोच. फिल्टर जुना ठेवणे म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालणे.

तिसरी, महिन्याच्या पहिल्या रविवारी गेज. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केलेले, पाच मिनिटे थांबून. गेज काढायची, पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवे. वरच्या खुणेच्या वर गेले तरी वाईट, फेस होतो.

चौथी, पंधरा दिवसांतून एकदा गाडी लांब नेतो. चिपळूणहून परशुराम घाट चढून खेडपर्यंत, आणि परत. ऑइल तापते, वाफ उडते आणि मुलांनाही फिरणे होते.

पाचवी, जुने ऑइल गटारात किंवा परसात ओतू देत नाही. आपल्याकडे वाळवीसाठी ते लाकडांना लावायची जुनी सवय आहे. पण त्यात काजळी आणि धातूचे कण असतात, पावसात ते विहिरीकडे आणि खाडीकडे वाहत जाते. सरकारी नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. मेस्त्रींच्या पिंपात जमा होऊन ते परवानाधारक खरेदीदाराकडे जाते की नाही, हे विचारायला लाजू नये.

गाडीच्या कप्प्यात आता पुस्तकाबरोबर एक शंभर पानी वहीही आहे. अब्बाजींनीच ती सुरू करायला लावली. तारीख, किलोमीटर, पातळी, रंग, असे चार रकाने. रविवारी आम्ही गेज पुसलेला कपडा त्यांच्यापुढे धरतो, ते चश्मा कपाळावर चढवून बघतात, बोटांत चोळून बघतात आणि आकडा सांगतात. लिहायचे काम चिरंजीवांकडे आहे. मागच्या रविवारी तो कुठेतरी बाहेर गेला होता आणि नोंद राहिली. संध्याकाळी अब्बाजींनी त्याला हाक मारली, “पाळी चुकवलीस रे, वही आण.”